तुमचे प्रश्न : दाताचा इम्प्लांट मोडतो कुठे?

इम्प्लांटबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी खर्च, वय आणि हाडाची भर यांवरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. या वेळी फक्त सैल होणं, तडकणं आणि मोडणं. उत्तरं एका दंतवैद्याने आणि एका यंत्र-अभियंत्याने मिळून दिली आहेत. हाडात बसतो तो इम्प्लांट, त्यावरचा खांब म्हणजे अबटमेंट, त्या दोघांना जोडणारा आतला बारीक तो स्क्रू, आणि सगळ्यांत वर कॅप. उत्तरांत हे शब्द याच अर्थाने येतील.

प्रश्न : खालच्या दाढेच्या इम्प्लांटवरची माझी कॅप दोन वर्षांत तिसऱ्यांदा हलू लागली आहे. डॉक्टर दर वेळी आवळून देतात आणि "असं होतं कधी कधी" म्हणतात. सुपारी मी केव्हाच सोडली. काळजी करावी का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

काळजी करा, घाबरू नका. कॅप हलते तेव्हा बहुतेक वेळा हाडातला इम्प्लांट पक्काच असतो, सैल झालेला असतो तो स्क्रू. एकदा सैल झाला तर आवळून भागतं. तिसऱ्यांदा झाला याचा अर्थ मूळ कारण तसंच आहे, आणि तोच जुना स्क्रू वापरात असेल तर तो आतून तडकायला लागला असण्याची शक्यता धरायलाच हवी.

स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा अबटमेंटला इम्प्लांटवर दाबून धरतो. या दाबाला प्रीलोड म्हणतात. चावताना सांधा उघडू पाहणारी ओढ प्रीलोडपेक्षा कमी असते, तोवर सांधा मिटलेला राहतो आणि प्रत्येक घासाचा अगदी थोडा वाटा स्क्रूपर्यंत पोहोचतो. प्रीलोड गेला की सांधा प्रत्येक घासाला उघडतो-मिटतो आणि स्क्रू वाकतो. माणूस वर्षाला काही लाख वेळा चावतो. काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. कॅप हलतेय हे तुम्हाला जाणवण्याआधी काही आठवडे हे चालू असू शकतं. त्या काळात स्क्रूमध्ये पडलेला सूक्ष्म तडा नंतर आवळल्याने मिटत नाही.

तेव्हा डॉक्टरांना सांगा की या वेळी स्क्रू नवा घाला, आणि तो त्याच कंपनीचा, त्याच मापाच्या इम्प्लांटचा असू द्या. आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजून देणारा पाना हवा. कंपन्यांचे आकडे साधारण २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या घरात असतात, नुसत्या बोटांनी १० ते २० च्या पुढे जाणं कठीण. आवळल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा त्याच टॉर्कला आवळायचं. नव्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे दबून बसतात आणि प्रीलोडचा काही टक्के भाग तेवढ्यातच जातो, तो या दुसऱ्या खेपेला परत मिळतो. एक्स-रेमध्ये अबटमेंट आणि इम्प्लांटच्या मध्ये फट दिसते का आणि हाड किती खाली गेलं आहे, दोन्ही पाहायला हवं.

शेवटी चावा. कॅप इम्प्लांटच्या मानाने फार रुंद असेल, किंवा वरची दाढ तिच्या कडेवर टेकत असेल, तर स्क्रू कितीही वेळा बदला, चौथी खेप येणारच. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना दातांवर घालायची स्प्लिंट (संरक्षक पट्टी) करून घ्या. सुपारी सोडलीत ते उत्तम, पण तासन्‌तास चालणारं दात खाणं सुपारीपेक्षा वाईट.

"असं होतं कधी कधी" या उत्तराला थोडा इतिहास आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्या पद्धतीतल्या इम्प्लांटच्या माथ्यावर ०.७ मिमी उंचीचा षट्कोन होता, तो मुळात शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांट फिरवून बसवण्यासाठी. बरेच इम्प्लांट एका पट्टीने जोडून अख्खी कवळी उभी करायची, तेव्हा तेवढा पुरत होता. पुढे तोच षट्कोन एकट्या दातासाठी वापरात आला आणि स्क्रू सैल होण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. आजच्या आतल्या जोडणीच्या, म्हणजे अबटमेंट आत बसतं अशा इम्प्लांटमध्ये तिसऱ्यांदा सैल होणं "असं होतं" म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ४ मिमी व्यासाच्या इम्प्लांटचं फायनाइट एलिमेंट विश्लेषण (संगणकावर वस्तू बारीक जाळीत विभागून ताण काढणं) केलं. ४०० न्यूटनचा उभा भार देऊन सर्वांत जास्त ताण सुमारे ६० मेगापास्कल आला. ग्रेड ४ टायटॅनियमचं यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) किमान ४८०. सुरक्षा गुणांक ८ येतो, मग इम्प्लांट मोडतात तरी कसे? (यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

तुमचं गणित चुकलेलं नाही, भाराची दिशा चुकली आहे. उभ्या भाराने इम्प्लांट सहसा मोडत नाही. तो वाकून थकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने त्यात तडा वाढत जातो, आणि मग मोडतो.

आयएसओ १४८०१ या इम्प्लांटच्या थकव्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इम्प्लांट भाराच्या रेषेशी ३० अंश कलता धरतात. हाड ३ मिमी खाली गेलं आहे असं मानून तेवढा भाग पकडीच्या बाहेर ठेवतात, आणि भार देण्याचा बिंदू पकडीपासून इम्प्लांटच्या अक्षावर ११ मिमीवर असतो. म्हणजे भुजा ११ गुणिले साइन ३०, अर्थात ५.५ मिमी. तुमच्यापेक्षा कमी, २५० न्यूटन भार घेतला तरी पकडीपाशी आघूर्ण (वाकवणारा जोर, म्हणजे भार गुणिले भुजा) १३७५ न्यूटन-मिमी येतो.

आता छेद. अबटमेंट बसवण्याचा खड्डा साधारण ३ ते ४ मिमी खोल असतो, म्हणजे पकडीची पातळी नेमकी त्या खड्ड्याच्या उंचीवर येते. तिथे इम्प्लांट भरीव नाही, नळी आहे. नळीच्या वाकण्याच्या ताणासाठी आघूर्णाला ३२ ने आणि बाहेरच्या व्यासाने गुणा, आणि π (पाय) गुणिले (बाहेरच्या व्यासाचा चौथा घात वजा आतल्या व्यासाचा चौथा घात) याने भागा. खड्डा २.६ मिमीचा धरला तर बाहेरच्या ४ मिमी व्यासावर २६६ मेगापास्कल येतात. पण बाहेरून आटे आहेत. आटा ०.३५ मिमी खोल असेल तर आट्याच्या तळाशी व्यास उरतो ३.३ मिमी, आणि ताण होतो ६३४. हा आकडा ग्रेड ४ च्या यील्डच्या वर गेला! म्हणूनच शहाणा डिझायनर खड्ड्याच्या उंचीवर खोल आटे ठेवतच नाही. ०.१ मिमीचे सूक्ष्म आटे ठेवले तर तळाचा व्यास ३.८ आणि ताण ३२७. खड्डा संपून २ मिमीचं स्क्रूचं भोक सुरू होतं, तिथे पूर्ण खोलीचे आटे ठेवले तरी याच आघूर्णाला ताण ४५० च्या आसपास. खोल आटे कुठून सुरू करायचे हा एक निर्णय बाकीच्या दहा निर्णयांपेक्षा जास्त मोलाचा आहे. खड्ड्यात घट्ट बसलेलं अबटमेंट थोडा भार वाटून घेतं, त्यामुळे हे आकडे सावध बाजूचे आहेत. पण सांधा सैल झाला की तो आधार जातो.

हा झाला सरासरी ताण. आट्याच्या तळाशी तो एका जागी गोळा होतो. एकट्या खाचेसाठीचं ढोबळ सूत्र १ अधिक दोन गुणिले (खोली भागिले तळाची त्रिज्या) याचं वर्गमूळ. खोली ०.३५ आणि त्रिज्या ०.०५ मिमी घातली तर गुणक ६.३, त्रिज्या ०.२ केली तर ३.६५. रांगेतले आटे एकमेकांना थोडे झाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष गुणक कमी असतो, पण त्रिज्येचा कल तोच राहतो. तुमच्या मॉडेलमध्ये आट्याचा तळ टोकदार ठेवला असेल तर जाळी जितकी बारीक कराल तितका ताण वाढत जाईल आणि कुठल्याच आकड्याला अर्थ उरणार नाही. आधी खरी त्रिज्या काढा. मग आकडा स्थिर होईपर्यंत तळाची जाळी बारीक करत न्या.

तुलना यील्डशी करू नका. गुळगुळीत टायटॅनियमच्या नमुन्याची थकव्याची मर्यादा ढोबळमानाने त्याच्या अंतिम ताणबलाच्या निम्म्याच्या आसपास असते. ग्रेड ४ चं किमान ताणबल ५५० धरलं तर ही मर्यादा पावणेतीनशेच्या घरात, आणि तीही खाच नसताना. शिवाय चावण्याचा भार उलटसुलट नसतो, शून्याकडून वर जाऊन परत येतो, म्हणजे मध्यम ताण शून्य नसतो. तो गुडमन किंवा तत्सम पद्धतीने धरा. वॉन मिसेसचा (सगळ्या दिशांचे ताण एका आकड्यात आणणारा) रंगीत नकाशा दाखवून थांबू नका. त्यात ओढ आणि दाब एकाच रंगात दिसतात, आणि तडा सुरू होतो तो ओढीच्या बाजूला.

राहिला स्क्रू. प्रीलोड न देता स्क्रूला अबटमेंटशी चिकटवून टाकलेली मॉडेल फार पाहायला मिळतात, त्यांचा उपयोग नाही. आधी प्रीलोडची पायरी, मग भाराची, मध्ये घर्षणासह संपर्क. ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क, एम २ (२ मिमी व्यासाचा) स्क्रू आणि टॉर्क-गुणांक ०.३ ते ०.४ धरला तर प्रीलोड साधारण ४४० ते ५८० न्यूटन येतो. स्क्रूचं ताणक्षेत्र सुमारे २.०७ चौरस मिमी, म्हणजे नुसत्या आवळण्यानेच २१० ते २८० मेगापास्कल. दुसऱ्या बाजूने पाहा : वरचा १३७५ चा आघूर्ण १.६ मिमी जाडीच्या दांड्यावर एकट्याने आला तर ३४०० मेगापास्कल निघतात. त्याचा दहावा हिस्सा स्क्रूकडे गेला तरी ३४०. वाकणं सोसणं हे स्क्रूचं काम नाहीच. ते अबटमेंट आणि इम्प्लांटच्या भिंतींचं काम, स्क्रूने त्यांना फक्त मिटवून ठेवायचं.

प्रश्न : जागा कमी असेल तर दाढेच्या जागी ३.३ मिमीचा इम्प्लांट चालेल का? आणि कोनिकल जोडणी घेतली तर निर्धास्त राहता येईल का? (दंतवैद्य, नाशिक)

एकट्या दाढेसाठी साध्या ग्रेड ४ चा ३.३ मिमी टाळावा. भरीव गोल छेदाची वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे जाते, म्हणजे ४.१ च्या तुलनेत ३.३ मध्ये ती निम्म्यावर येते. पोकळ भागात फरक याहून मोठा, कारण स्क्रूला लागणारं भोक इम्प्लांटबरोबर बारीक होत नाही, भिंतच पातळ होते. दाढेवरचा कमाल चावा ४०० ते ७०० न्यूटनपर्यंत जातो. अडचण जागेची असेल तर दोन बारीक इम्प्लांट जोडून, किंवा टायटॅनियम-झिर्कोनियम मिश्रधातूचा पर्याय बघून मग ठरवा.

कोनिकल जोडणीत अबटमेंट पाचरीसारखं घुसतं. वाकण्याचा भार भिंतींवर लांबीभर पसरतो आणि स्क्रू सुटायला सहज येत नाही. पण पाचर इम्प्लांटच्या भिंतीला आतून बाहेर फाकवते. बारीक इम्प्लांट, पातळ भिंत आणि ठरल्यापेक्षा जास्त टॉर्क एकत्र आले की माथ्याशी उभा तडा जातो. तेव्हा कोनिकलला "थोडं जास्त आवळून ठेवू" हा विचार नको. दुसऱ्या कंपनीचं "जुळणारं" अबटमेंटही नको. कोनात एक अंशाचा फरक असला तरी पाचर अख्ख्या लांबीवर न टेकता वरच्या किंवा खालच्या कडेवर टेकते, आणि तिथे घासून घासून तडा सुरू होतो.

तुमच्या पत्रात पाच इम्प्लांटवरच्या पुलाचाही उल्लेख आहे. त्यात आधी बैठक तपासा : एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला फट उघडते का ते पाहायचं. फट असेल तर प्रीलोडचा बराच भाग पट्टी खाली ओढण्यातच खर्च होतो आणि मिटवून धरायला थोडाच उरतो. पट्टी कापून जोडा, स्क्रू आवळून फट मिटवू नका. आणि रेंच दांडीवाला वापरा. खटका पडणारे रेंच ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) गंजतात आणि आकडा बदलतो, त्यांची वेळोवेळी तपासणी हवी.

प्रश्न : आमच्याकडे स्विस-टाइप लेथ आहे. एका कंपनीने ग्रेड ५ टायटॅनियममध्ये एम १.८ चे अबटमेंट स्क्रू करून मागितले आहेत. मापं बसतात. थकव्याच्या दृष्टीने कशावर लक्ष ठेवू? (कारखानदार, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

मापं बसणं ही सुरुवात. दोन स्क्रू गेजमध्ये सारखेच पास होतील आणि त्यातला एक दुसऱ्याच्या कितीतरी आधी तुटेल.

सामान्य ग्रेड ५ बार घेऊ नका. इम्प्लांटसाठीचा, आयएसओ ५८३२-३ चा, हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) आणि रचनेच्या तपासणीसह आलेला बार घ्या. प्रमाणपत्र प्रत्येक लॉटशी जोडलेलं ठेवा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत, तेव्हा कंपनीचं ऑडिट तुमच्या बिनपर्यंत येणारच.

आट्याचा तळ ही पहिली कमजोर जागा. एम १.८ ची पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) ०.३५ मिमी. नेहमीच्या मेट्रिक आट्याला तळाची किमान त्रिज्या पिचच्या ०.१२५ पट, म्हणजे ०.०४४ मिमी. विमानाच्या बोल्टसाठी वापरतात त्या एमजे आट्याला ती ०.१५ ते ०.१८ पट, म्हणजे ०.०५३ ते ०.०६३. ड्रॉइंगवर त्रिज्या लिहिलेली नसेल तर कंपनीकडून लिहून घ्या. गेजला ती दिसत नाही. स्क्रू रेझिनमध्ये बसवून उभा कापा, घासा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. टूल झिजताना तळ बदलतो, म्हणून ही कापणी फक्त पहिल्या नगावर करून थांबू नका, टूलच्या आयुष्याच्या शेवटच्या नगावरही करा.

जमत असेल तर आटे कापण्याऐवजी रोल करा. रोलिंगमध्ये तळाशी दाबाचा अवशिष्ट ताण राहतो आणि धातूचे तंतू कापले जात नाहीत, थकव्याला दोन्ही फायद्याचं. रोल केल्यानंतर कुठलीही उष्णता प्रक्रिया करू नका, तो फायदा तिथेच संपतो. कापूनच करायचे असतील तर थ्रेड व्हर्लिंग (बारभोवती फिरणाऱ्या कड्यातल्या टूलांनी आटे कापणं) घ्या. एकल पॉइंटने अनेक फेऱ्यांत कापताना शेवटची फेरी इतकी हलकी ठेवू नका की टूल कापण्याऐवजी घासत राहील. टायटॅनियम लगेच चिकटतं आणि तळ फाटल्यासारखा दिसतो.

दुसरी जागा डोक्याखालचा कोपरा. तिथे फिलेट (कोपऱ्याची गोलाई) हवी, आणि अबटमेंटमधल्या बैठकीच्या चॅम्फरने (तिरप्या कापलेल्या कडेने) ती मोकळी सोडायला हवी. चॅम्फर फिलेटपेक्षा लहान असेल तर डोकं बैठकीवर न टेकता फिलेटवर टेकतं, आणि प्रीलोड कसा येईल ते कुणी सांगू शकत नाही. अबटमेंटचं ड्रॉइंग न पाहता नुसता स्क्रू करून देण्याचं काम या एका कारणासाठी घेऊ नये.

तिसरी जागा पाना बसतो तो षट्कोन. तो फार खोल गेला की तळाचा कोपरा आणि डोक्याखालची फिलेट यांच्यातली भिंत पातळ होते आणि डोकं टोपीसारखं निघून येतं. षट्कोन स्पार्कने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) केला असेल तर वितळून पुन्हा गोठलेला थर उरतो. त्यात बारीक तडे असतात, तो काढून टाकावा लागतो.

कटिंगचा वेग कार्बाइडला मिनिटाला ४० ते ६० मीटर. पन्नास मीटरला १.८ मिमी व्यासावर स्पिंडल जवळपास ८८०० फेऱ्यांवर जातो, म्हणून गाइड बुशची अवस्था महत्त्वाची. बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढताना ड्रममध्ये इतका वेळ ठेवू नका की आट्याचे माथे दबतील. हवेत तापवणं नको, पृष्ठभागावर ऑक्सिजनचा ठिसूळ थर बनतो. आणि बारीक चिप्स पेटतात. शॉपमध्ये धातूच्या आगीसाठीचं कोरडं विझवणारं ठेवा, पाणी मारायचं नाही.

शेवटी प्रत्येक लॉटमधले काही स्क्रू खऱ्या अबटमेंटमध्ये आवळून तुटेपर्यंत न्या. शिफारस ३० ची असेल आणि काही ४५ ला तुटत असतील, तर आमच्या मते लॉट अडवावा. सरासरी चांगली असून उपयोग नाही, रुग्णाच्या तोंडात सर्वांत कमजोर स्क्रूही जातो. कोरडे आणि सलाइनमध्ये बुडवलेले वेगवेगळे तपासा. घर्षण बदललं की त्याच टॉर्कला प्रीलोड बदलतो, आणि तोंडात कोरडं काही नसतं.

प्रश्न : एका कंपनीच्या अहवालात "३५० न्यूटन, ५० लाख आवर्तनं, उत्तीर्ण" आहे, दुसरीच्या अहवालात २६० न्यूटन. पहिली मजबूत समजायची का? (वितरक, पणजी)

भुजा विचारा. पहिलीने भार पकडीपासून ८ मिमीवर दिला असेल तर ३० अंशांत भुजा ४ मिमी, आघूर्ण १४०० न्यूटन-मिमी. दुसरीने ११ मिमीवर दिला असेल तर भुजा ५.५ आणि आघूर्ण १४३०. म्हणजे २६० वाली किंचित वरचढ निघाली. अहवालात न्यूटन आहेत आणि मिलिमीटर नाहीत, तर तो परत पाठवा.

"उत्तीर्ण" या शब्दावरही अडा. आयएसओ १४८०१ उत्तीर्ण होण्याचा भार सांगतच नाही. चाचणी कशी करायची आणि निकाल कसा मांडायचा एवढंच सांगतं. त्यात वेगवेगळ्या भारांवरचे निदान चार टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचे नमुने असलेला भार-आवर्तनांचा आलेख हवा, आणि खालच्या भारावर निदान तीन नमुने न मोडता टिकलेले हवेत. चाचणी कुठल्या मापावर झाली? ४.५ मिमीचा अहवाल दाखवून ३.३ विकला जातो, असं होऊ देऊ नका. सर्वांत वाईट जोडी, म्हणजे सर्वांत बारीक इम्प्लांट आणि सर्वांत कललेलं अबटमेंट, हीच तपासलेली असावी.

कोरड्या चाचणीत ५० लाख आवर्तनं जास्तीत जास्त १५ हर्ट्झला होतात, म्हणजे साधारण ९३ तास. ३७ अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये वेग २ हर्ट्झपर्यंतच, आणि २० लाख आवर्तनांना साडेअकरा दिवस लागतात. कोरडी स्वस्त पडते म्हणून ती जास्त दिसते. इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत झालेल्या प्रयोगांत फ्लोराइड असलेल्या कृत्रिम लाळेत इम्प्लांटचं थकव्याचं बळ हवेतल्यापेक्षा कमी भरलं. तिथेच रुग्णांकडून काढलेल्या, न मोडलेल्या इम्प्लांटवरही तडे आणि सँडब्लास्टिंगचे रुतलेले कण दिसले. अहवालात कुठला भाग मोडला तेही वाचा. स्क्रू मोडला तर बदलता येतो, इम्प्लांट मोडला तर हाडातून कोरून काढावा लागतो. त्यामुळे भार थोडा कमी असला तरी आधी स्क्रू मोडणारी रचना आम्ही पसंत करू.

प्रश्न : इम्प्लांट असताना फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करावी का? (ठाणे)

नको. नेहमीच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास असतं आणि ती आम्लधर्मी नसते. दवाखान्यात लावतात ती १.२३ टक्क्यांची आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र इम्प्लांटभोवती टाळायला सांगा. आम्ल आणि फ्लोराइड एकत्र आले की टायटॅनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळतो.

प्रश्न : धातूचा नको म्हणून झिर्कोनियाचा विचार आहे. तो मोडत नाही ना? आणि थ्रीडी प्रिंट केलेला टायटॅनियम? (अमेरिकेतून एक वाचक)

आधी एक घोळ मिटवू. झिर्कोनियम हा धातू. टायटॅनियममध्ये सुमारे १५ टक्के झिर्कोनियम मिसळून केलेला मिश्रधातू ग्रेड ४ पेक्षा बळकट असतो आणि बारीक इम्प्लांटसाठी वापरतात. तुम्ही म्हणता तो झिर्कोनिया, म्हणजे पांढरं सिरॅमिक. ते टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट ताठ आहे, पण तडा पसरू न देण्याची त्याची ताकद बरीच कमी. टायटॅनियम मोडण्याआधी बहुतेक वेळा स्क्रू सैल करून इशारा देतं, एकसंध झिर्कोनिया तसं काही कळवत नाही. डॉक्टरांनी तोंडात त्याला डायमंड बरने घासून आकार देऊ नये. एकेक ओरखडा म्हणजे तड्याची सुरुवात. शिवाय ओलाव्यात त्याच्या स्फटिकांची रचना हळूहळू बदलते. २००१ मध्ये कृत्रिम खुब्याचे झिर्कोनियाचे गोळे मोठ्या संख्येने फुटले आणि परत मागवावे लागले. भट्टीची पद्धत बदलली होती, तेवढंच कारण. तेव्हा बनवणाऱ्याकडे कृत्रिमरीत्या जुना केलेल्या नमुन्यांवरचा थकव्याचा अहवाल मागा.

प्रिंट केलेल्या टायटॅनियममध्ये आत सूक्ष्म पोकळ्या आणि बाहेर अर्धवट वितळलेले कण राहतात, दोन्ही तड्याची बीजं. पोकळ्या मिटवायला सुमारे ९२० अंश सेल्सिअस आणि १०० मेगापास्कल दाबाखाली दोन तास ठेवतात. जोडणीचा भाग आणि आतले आटे मात्र मशीनवरच कापलेले हवेत.

प्रश्न : स्क्रू आत तुटला. काढायचा कसा, आणि तुकड्यांचं काय करू? (दंतवैद्य, लातूर)

घाई नको. तुटल्याबरोबर प्रीलोड संपलेला असतो, त्यामुळे आतला तुकडा बहुधा सैलच असतो. आधी एक्स-रे. मग भिंगाखाली, बारीक एक्स्प्लोररचं (दात तपासायच्या टोकदार सळईचं) टोक तुकड्याच्या काठावर टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने ढकला. हलत नसेल तर अल्ट्रासॉनिक स्केलरचं बारीक टोक कमी शक्तीवर, भरपूर पाणी देत, काठाकाठाने उलट फिरवा. तरीही नाही तर त्या कंपनीचा काढणी संच, त्याच्या गाइड नळीसह आणि त्यांनी दिलेल्या वेगाने. हाय-स्पीडचा बर मोकळ्या हाताने आत घालू नका. आतले आटे गेले तर स्क्रूचा प्रश्न इम्प्लांटचा होऊन बसतो. तुकडा निघाल्यावर आटे स्वच्छ करा, नवा स्क्रू हाताने शेवटपर्यंत सहज जातो का पाहा, मगच टॉर्क.

दोन्ही तुकडे ठेवा, पण ते एकमेकांना जुळवून बघण्याचा मोह आवरा. तुटलेली तोंडं घासली की पुरावा पुसला जातो. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, कोरडे करा, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, लॉट क्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक समांतर रेषा दिसल्या तर थकवा, आणि त्या जिथे एकवटतात तिथे तड्याची सुरुवात. नुसते खळगे दिसले तर एकदाच आलेला अतिभार, बहुधा आवळतानाचाच. सुरुवात पहिल्या गुंतलेल्या आट्यात असेल तर प्रीलोड आणि चावा तपासा. डोक्याखाली असेल तर बैठक आणि फिलेट. नोंद भारतीय मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे करा. तो २०१५ मध्ये सुरू झाला, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो आणि दंतवैद्यांकडूनही नोंदी घेतो.